धंदा विचारणारा डॉक्टर : बर्नार्डिनो रामाझिनी

निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळून जाताना नाकाला रुमाल लागतोच. मग आत दिवसभर राबणाऱ्या बायकांच्या छातीत काय जात असेल? असा प्रश्न इटलीतल्या एका डॉक्टरला तीनशे वर्षांपूर्वीच पडला होता.

बर्नार्डिनो रामाझिनी यांचा जन्म १६३३ चा, गाव कार्पी. शिक्षण जेझुइट धर्मगुरूंकडे, वैद्यकीची पदवी पार्मा विद्यापीठाची. सुरुवातीला खेड्यात डॉक्टरकी केली. पण हिवतापाने गाठलं आणि गावी परतावं लागलं. पुढे मोदेना शहरात जम बसला, विद्यापीठात प्राध्यापकीही मिळाली.

एकदा त्यांच्या घरचा शौचकूप उपसणारा माणूस फार घाईने काम उरकत होता. कारण विचारलं, तर म्हणाला की आत जास्त वेळ थांबलं तर डोळे जातात. रामाझिनींनी शहरातले असे आणखी कामगार तपासले. त्यांचेही डोळे अधू! तेव्हापासून ते कारखाने, कार्यशाळा पालथ्या घालू लागले. १७०० साली त्यांनी चाळीसहून अधिक धंद्यांतल्या आजारांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. पाथरवटांच्या छातीत साठणारी दगडाची भुकटी, तंबाखू कुटणाऱ्यांची डोकेदुखी, मळमळ आणि शिंका, सगळं त्यात आलं. पेशंटला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : तुमचा धंदा कोणता?

पुढे ते पादुआला गेले. नजर गेली तरी शिकवणं सुटलं नाही. १७१४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, शिकवायला निघायच्या तयारीत असतानाच ते गेले.

ॲस्बेस्टॉसचा धंदा त्यांच्यानंतरचा. त्याचे सुईसारखे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात रुततात. शरीराला ते पचवता येत नाहीत, बाहेरही टाकता येत नाहीत. भोवती व्रण धरतात, फुप्फुस चिवट होतं आणि दम लागतो. हा ॲस्बेस्टॉसिस. कॅन्सरचाही धोका असतो. त्रास दिसायला वीस-तीस वर्षं जातात. तोवर माणूस ते काम सोडून दुसरीकडे गेलेला असतो. म्हणूनच आज काय करता एवढं विचारून भागत नाही, आधी काय करत होता तेही विचारावं लागतं.

१९८२ मध्ये स्थापन झालेली, रामाझिनींचं नाव लावणारी शास्त्रज्ञांची संस्था ॲस्बेस्टॉसवर जगभर बंदी मागते आहे. भारतात मात्र ते अजून आयात होतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांवर, गोठ्यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. नुसता पत्रा डोक्यावर असण्यापेक्षा तो कापताना, भोकं पाडताना, फोडताना उडणारी धूळ घातक. ते काम करणाऱ्या गवंड्याला खोकला झाला, तर डॉक्टरने त्याचा धंदा विचारायलाच हवा. नाही विचारला, तर त्याने आपणहून सांगावा.