इतिहासाचार्य फादर हेनरी हेरास

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं एका विद्वान् धर्मगुरूच्या चरित्राचा अल्प परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हांस वाटतें. ते म्हणजे येशूसंघाचे फादर हेनरी हेरास होत.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजीं स्पेन देशांतील बार्सिलोना नगरीं झाला. १९२२ सालीं ते मुंबईस आले व सेंट झेवियर कॉलेजांत इतिहास शिकवूं लागले. हिंदुस्थानचा इतिहास शिकवीन, असें त्यांनीं सांगतांच त्याचें ज्ञान किती, असें प्रिन्सिपॉलांनीं विचारलें. तेव्हां कांहींच नाहीं, पण अभ्यास करीन, असें त्यांनीं उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. तो शब्द त्यांनीं आमरण पाळला.

१९२६ सालीं त्यांनीं कॉलेजांतच भारतीय इतिहास-संशोधनाची संस्था स्थापिली. ऐकीव गोष्टींवर न विसंबतां शिलालेख, नाणीं व मूळ कागद ह्यांवरून सत्य शोधावें, हा तेथील दंडक होता. येशूसंघीयांचीं व पोर्तुगीजांचीं जुनीं पत्रें भाषेच्या अडचणीमुळें आपल्या इकडील बहुतेक अभ्यासकांस बंद पेटीसारखीं होतीं. ती पेटी फादरांनीं उघडली. चंद्रगिरीस राजा वेंकटपतीच्या दरबारीं गेलेल्या येशूसंघीयांनीं लिहिलेलीं पत्रें त्यांनीं तपासलीं, आणि विजयनगरच्या अरविडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. धर्मकार्याच्या वृत्तांतांसाठीं लिहिलेले कागद अशा रीतीनें एका हिंदु राजकुलाच्या इतिहासाचे साक्षी ठरले. गोव्याच्या दफ्तरखान्यांत पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनीं मराठ्यांच्या इतिहासासाठीं केलेलें कार्यहि ह्याच जातीचें होय.

मोहेंजोदडोची लिपि द्राविडी भाषेची आहे, असें मानून फादरांनीं ती वाचण्याचा यत्न केला व १९५३ सालीं त्यावर मोठा ग्रंथ काढिला. त्यांचें वाचन विद्वानांस मान्य झालें नाहीं. ती लिपि अद्यापि अनुकलितच आहे. तथापि फळ हातीं न आलें म्हणून श्रम व्यर्थ गेले, असें आम्ही म्हणणार नाहीं.

पुणेंकरांनीं त्यांचें आणखी एक ऋण स्मरावें. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहिलेले गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका पवित्र मरियेस साडी नेसवून रंगवीत. कित्येक भाविकांस तें रुचलें नाहीं, टीका झाली. फादर हेरास मात्र त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. श्रद्धा परदेशांतून आली तरी तिनें ह्या भूमीचा वेष घ्यावा, हें त्यांस मनापासून पटलें होतें.

१४ डिसेंबर १९५५ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. पुढें संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें, आणि १९८१ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें.

आमच्या तरुणांनीं ह्या चरित्रापासून इतकें घ्यावें: अज्ञान कबूल करण्यास लाजूं नये, व एकदां हातीं घेतलेला अभ्यास सोडूं नये. आपल्या देवळाच्या जुन्या वह्यांतहि आपल्या पूर्वजांचा इतिहास आहे. त्या वाळवीच्या मुखीं पडूं न देणें, हें कर्तव्य आपणां सर्वांचें आहे.