विश्लेषण : शिवणयंत्र आणि रमाबाई रानडे

मंडई-तुळशीबाग परिसरातून दोऱ्याची रिळे आणून घरच्या मशीनवर नक्षी काढणाऱ्या पुण्यात पुष्कळ आहेत. बटण फिरवले की सुई डावी-उजवी हलते आणि झिगझॅग, पाने-फुले उमटत जातात. शंभर वर्षांपूर्वी साध्या मशीनची सुई नुसती वर-खाली चाले. नक्षीसाठी कापड रिंगमध्ये ताणून हातानेच फिरवावे लागे. ते शिकल्याशिवाय येत नसे. पण बाईने शिकायचे कुठे?

रमाबाई रानडे यांनी त्याची सोय केली. त्यांचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथे झाला. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीकडून मराठी शिकल्या, पुढे इंग्रजीही. त्यापायी घरातल्या बायकांचा रोष सोसला. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथले शिवण-भरतकाम विरंगुळ्यासाठी नव्हते, विधवेच्या हाती स्वतःचे चार पैसे यावेत यासाठी होते. दिराच्या घरी दोन घासांसाठी राबणाऱ्या बाईला त्याचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल. रमाबाई १९२४ मध्ये गेल्या. सेवासदन लक्ष्मी रस्त्यावर आजही आहे; मंडईतून चालत जाता येते.