नकाशातला एव्हरेस्ट

एव्हरेस्ट म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फाचा डोंगर येतो. पण जिऑग्राफी, सिव्हिल किंवा आर्किटेक्चर शिकणाऱ्या एखाद्या मित्राला विचारा. त्याला हे नाव आणखी एका ठिकाणी भेटलेलं असतं. क्यूजीआयएससारख्या मॅपिंग सॉफ्टवेअरमध्ये सीआरएस, म्हणजे कोऑर्डिनेट रेफरन्स सिस्टीम निवडायची भलीमोठी यादी असते. त्यात 'कालियनपूर' सापडतं आणि त्याच्या तपशिलात 'एव्हरेस्ट १८३०'. हा एव्हरेस्ट डोंगर नाही, माणूस आहे. आणि डोंगरापेक्षा हे काम जास्त त्याचं स्वतःचं आहे.

जॉर्ज एव्हरेस्टचा जन्म ४ जुलै १७९० चा, ब्रिटनमधला. १८०६ मध्ये, म्हणजे आपण अकरावीत असतो त्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यात भारतात दाखल झाला. गणित पक्कं होतं. जावा बेटाच्या सर्वेक्षणात काम केल्यावर १८१८ मध्ये त्याला विल्यम लॅम्बटनचा मुख्य सहायक नेमलं गेलं.

लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा साखळीने अतिशय काटेकोर मोजली होती. एकदा ही एक बाजू अचूक मिळाली की पुढे फक्त कोन मोजायचे आणि बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या. त्रिकोणाला त्रिकोण जोडत भारत मोजायचा, असा हा ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. कंपनीला नकाशे हवे होते ते सैन्यासाठी आणि महसुलासाठी. लॅम्बटनला मात्र आणखी एक प्रश्न पडला होता: पृथ्वीचा नेमका आकार काय?

गोदावरी आणि कृष्णेमधल्या जंगलात मोजणी करताना तापाच्या साथीने एव्हरेस्टचा सगळा चमू आजारी पडला. तो स्वतः इतका खचला की त्याला प्रकृती सुधारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेला जावं लागलं. तो परत आल्यानंतर, २० जानेवारी १८२३ ला लॅम्बटन गेला. कुठे? आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबरही तिथेच आहे.

आता सगळी जबाबदारी ३२ वर्षांच्या एव्हरेस्टवर आली. ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकणारी त्रिकोणांची माळ त्याने विदर्भातून, सातपुडा ओलांडून, आजच्या मध्य प्रदेशातल्या सिरोंजपर्यंत नेली. पुन्हा ताप आला, हातापायांतली ताकद गेली. १८२५ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि पाच वर्षं तिथेच राहिला.

याच काळात त्याने हाती आलेल्या आकड्यांचा हिशेब मांडला. पृथ्वी हा अगदी गोल चेंडू नाही, ती ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे. अशा आकाराला इलिप्सॉइड म्हणतात. १८३० मध्ये एव्हरेस्टने त्याची मापं प्रसिद्ध केली. मीटरमध्ये सांगायचं तर विषुववृत्ताकडची त्रिज्या जवळपास ६३७७.२७६ किलोमीटर. आजचं जीपीएस आणि गुगल अर्थ ज्यावर चालतात, त्या डब्ल्यूजीएस ८४ मध्ये हाच आकडा ६३७८.१३७ आहे. फरक फक्त ८६१ मीटरचा! तेही उपग्रह नसताना, साखळी, दुर्बीण, तारे आणि कागद एवढ्यावर.

पण नुसता आकार असून भागत नाही, तो पृथ्वीवर कुठेतरी पक्का बसवावा लागतो. त्याला डेटम म्हणतात. भारतासाठी तो सिरोंजजवळच्या कालियनपूरला बसवला गेला. त्यामुळे हा इलिप्सॉइड भारताच्या जमिनीला छान जुळतो, पण त्याचं केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून काहीशे मीटर बाजूला पडतं. डब्ल्यूजीएस ८४ चं केंद्र पृथ्वीच्या केंद्रावर आहे, कारण ती व्यवस्था सगळ्या जगासाठी आहे.

१८३० मध्येच एव्हरेस्ट नवी यंत्रं घेऊन सर्व्हेयर जनरल म्हणून परतला. मसुरीजवळ हाथीपांवला त्याने घर केलं. गंगा-यमुनेच्या सपाट दोआबात लांबचं दिसावं म्हणून त्याने उंच मनोरे बांधले, रात्री दिवे लावून कोन मोजले. आड येणारी झाडं तोडली गेली, याचा त्रास गावकऱ्यांनी सोसला. स्वभाव तापट, हाताखालच्यांना धाकात ठेवणारा. पण माणसं ओळखायचा. कोलकात्याच्या हिंदू कॉलेजातला, विशीही न गाठलेला राधानाथ सिकदर आकडेमोडीला घेतला. यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन होते. इलिप्सॉइडला नाव एकाचं असलं, तरी त्यावर उभे राहिलेले नकाशे अशा अनेकांच्या श्रमाचे आहेत.

कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतची सुमारे २४०० किलोमीटरची ही माळ पूर्ण करून एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त झाला. सगळ्यात उंच शिखराची उंची त्यानंतर ठरली, त्या गणितात सिकदरचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये एव्हरेस्टच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉने शिखराला एव्हरेस्टचं नाव सुचवलं. खुद्द एव्हरेस्टला ते पटलं नव्हतं. इथल्या लोकांना हे नाव नीट उच्चारता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे त्याच्या घरी आडनाव 'ईव्हरेस्ट' असं म्हणत, आज सगळं जग ते वेगळंच म्हणतं! तरी १८६५ मध्ये नाव कायम झालं आणि १ डिसेंबर १८६६ ला तो लंडनमध्ये वारला.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीट पुढे कित्येक दशकं त्याच्याच इलिप्सॉइडवर बनत राहिल्या. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांना डब्ल्यूजीएस ८४ आणलं. पण जुन्या शीट अजून कॉलेजच्या लायब्ररीत आहेत, प्रोजेक्टमध्येही वापरल्या जातात. त्यावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे गुगल अर्थमध्ये टाकले, तर महाराष्ट्रात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. म्हणजे एकाच्या शेतातली विहीर दुसऱ्याच्या शेतात! आकडे दोन्हीकडे बरोबर असतात, फक्त ते वेगवेगळ्या पृथ्वीवर मोजलेले असतात.

म्हणून जुनी टोपोशीट हातात आली, की आधी तिच्या कडेचा मजकूर वाचा. डेटम कोणता ते बघा, सॉफ्टवेअरला तोच सांगा आणि मग रूपांतर करा. यादीतलं ते 'एव्हरेस्ट १८३०' त्यासाठीच आहे.