महासंगणकाचा शिल्पकार सेमूर क्रे

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा नागरिक हवामानाचा अंदाज अधिक गांभीर्याने वाचू लागला. हा अंदाज मांडण्यासाठी अवाढव्य आकडेमोड करावी लागते आणि ती महासंगणकच वेळेत करू शकतो. या महासंगणकाचे जनकत्व ज्यांच्याकडे जाते, ते अमेरिकी अभियंते म्हणजे सेमूर क्रे.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा फॉल्स या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा बजावून त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी व उपयोजित गणिताच्या पदव्या घेतल्या. 'कंट्रोल डेटा' कंपनीसाठी त्यांनी घडविलेला 'सीडीसी ६६००' (१९६४) हा जगातील पहिला महासंगणक मानला जातो. १९७२ मध्ये त्यांनी 'क्रे रिसर्च' ही स्वतःची कंपनी स्थापन केली.

१९७६ चा 'क्रे-१' इंग्रजी 'सी' अक्षराप्रमाणे वळविलेला होता. त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेब अधिक होता. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाशही जेमतेम तीस सेंटिमीटर अंतर कापतो. तार लांबली की संदेशाला उशीर होणारच. म्हणून त्यांनी आतील कोणतीही तार सुमारे चार फुटांपलीकडे जाऊ दिली नाही.

मोजके पण बलाढ्य प्रोसेसर हा त्यांचा आग्रह होता. हजारो साधे प्रोसेसर एकत्र जुंपण्याची कल्पना त्यांना पटत नसे. ही शंका निराधार नव्हती. कसारा व कर्जत मार्गांच्या गाड्या कल्याणला एकत्र येतात. तेथे खोळंबा झाला की दोन्ही मार्गांचे वेळापत्रक कोलमडते. प्रोसेसरांचे संदेशही एकाच सांध्यावर तुंबले, तर बाकीचे नुसते ताटकळतात. त्यामुळे कोणता प्रोसेसर कोणाशी जोडायचा, हाच कळीचा प्रश्न ठरतो.

काळाने मात्र याच प्रश्नाची उत्तरे शोधली. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा भारताने १९८८ मध्ये 'सी-डॅक'ची स्थापना केली. पुण्यात तयार झालेल्या 'परम ८०००' (१९९१) मध्ये प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार जोडण्या होत्या. क्रे १९८९ मध्ये जुन्या कंपनीतून बाहेर पडले. त्याच कंपनीने १९९३ मध्ये 'टी३डी' आणला. त्यात प्रोसेसरांची प्रत्येक जोडी सहा शेजाऱ्यांशी जोडलेली होती आणि जाळ्याची टोके परस्परांना मिळविलेली होती.

क्रे यांची नवी कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तरीही सत्तरीत त्यांनी पुन्हा डाव मांडला. १९९६ मध्ये 'एसआरसी कॉम्प्युटर्स' स्थापन करून ते, ज्याला आयुष्यभर विरोध केला, त्याच अनेक प्रोसेसरांच्या यंत्राकडे वळले. प्रोसेसरांमधील दळणवळण हाच त्या आराखड्याचा गाभा होता. तो पूर्ण होण्याआधीच मोटार अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि ५ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

२०१८ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'प्रत्युष' हा महासंगणक दाखल झाला. तो क्रे यांचेच नाव लावणाऱ्या कंपनीचा होता. त्यात प्रोसेसरांचे गट थेट एकमेकांशी जोडलेले होते, जेणेकरून कोणताही संदेश मोजक्या टप्प्यांत पोहोचावा. आखूड वाटेचा क्रे यांचा ध्यास असा हजारो प्रोसेसरांच्या जाळ्यात टिकून राहिला आणि मोसमी पावसाच्या अंदाजाच्या कामी आला.