शरीरातील घड्याळाचा शोध : कर्ट रिक्टर

मानसशास्त्राच्या तासाला जॉन वॉटसन यांचे नाव आपण ऐकतो. त्यांचे शिष्य कर्ट रिक्टर मात्र आपणांस अपरिचितच राहतात. मला त्यांचे चरित्र फार मोलाचे वाटते.

रिक्टर यांचा जन्म १८९४ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे झाला. जर्मनीत काही काळ अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. १९१९ साली ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आले, ते कायमचेच.

उंदरांच्या हालचालींची नोंद ठेवता ठेवता एका प्रश्नाने त्यांच्या मनात घर केले. दृष्टी गेलेला उंदीरही दररोज नियमाने जागा होऊन धावू लागतो. मग त्याला वेळ सांगणारे घड्याळ शरीरात दडले आहे तरी कोठे?

रिक्टर यांनी एकेक ग्रंथी काढून पाहिली. काही उंदरांचे धावणे मंदावले, पण ताल सुटला नाही. अखेर १९६७ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी दाखवून दिले की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या एका भागाला इजा झाली की हा ताल मोडतो.

नेमकी जागा १९७२ साली दुसऱ्याच संशोधकांना सापडली. दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर असलेली ती दोन इवलीशी केंद्रे. रिक्टर १९८८ साली निवर्तले.

आपल्या परीक्षेत ‘येथे नाही’ या उत्तराला गुण मिळत नाहीत. रिक्टर यांच्या अशा प्रत्येक उत्तराने मात्र पुढच्यांची वाट थोडी थोडी कमी केली.