वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै, १९१३ – १८ ऑगस्ट, १९७९) हे महाराष्ट्र राज्याचे माजी मुख्यमंत्री होते. ५ डिसेंबर, १९६३ ते २० फेब्रुवारी, १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी या पदाची धुरा सांभाळली. हरितक्रांती आणि कृषी विद्यापीठे यांच्याशी त्यांचे नाव जोडले जाते व त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. मात्र मुख्यमंत्री होण्यापूर्वी, महसूलमंत्री असताना, त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद ही त्रिस्तरीय रचना सुचवली. राज्याच्या ग्रामीण भागाचा कारभार आजही मुख्यतः तिच्याच चौकटीत चालतो.

प्रारंभिक जीवन

नाईक यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली येथे एका बंजारा कुटुंबात झाला. आजोबा चतुरसिंग हे तांड्याचे प्रमुख म्हणजे नाईक होते. मूळचे राठोड हे आडनाव मागे पडून पुढे पदनामच आडनाव झाले. गहुलीत शाळा नसल्याने प्राथमिक शिक्षणासाठी त्यांना आसपासच्या गावी पायी जावे लागे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली आणि १९४० मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. अमरावती येथे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ वकिली केल्यावर त्यांनी पुसद येथे व्यवसाय सुरू केला. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. दोन्ही समाजांत त्या काळी त्याला मोठा विरोध झाला होता.

पुसद नगरपालिका व राजकारणात प्रवेश

१९४६ मध्ये नाईक पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पाणी, रस्ते, दिवे यांसारख्या रोजच्या प्रश्नांवरून त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात झाली. त्यांच्या पुढील कामाकडे पाहताना ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. १९५२ मध्ये ते तत्कालीन मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात नाईक यांच्याकडे प्रथम सहकार, नंतर कृषी आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर महसूल खाते आले.

लोकशाही विकेंद्रीकरण समिती

नव्या राज्याच्या तीन विभागांत स्थानिक कारभाराच्या तीन वेगवेगळ्या पद्धती रूढ होत्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डे होती, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या परंपरेतून आलेली जिल्हा मंडळे होती, तर विदर्भात १९४८ च्या कायद्यानुसार तालुका पातळीवर जनपद सभा होत्या. त्यांना एका सूत्रात आणणे भाग होते. शिवाय केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली होती आणि राजस्थानात १९५९ मध्ये त्याचा आरंभही झाला होता.

जून, १९६० मध्ये राज्य शासनाने नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १५ मार्च, १९६१ रोजी तिने २२६ शिफारशींचा अहवाल सादर केला. तीन स्तर मान्य करूनही या समितीने मेहता समितीचा भर उलटा केला. मेहता समितीने विकासगटाला, म्हणजे पंचायत समितीला, मुख्य कार्यकारी घटक मानले होते. जिल्हा परिषद तिच्या दृष्टीने केवळ सल्ला व देखरेख करणारी संस्था होती आणि तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असावे असे तिने सुचवले होते. विकासगट फार लहान आहे, अभियंते, डॉक्टर, शिक्षणाधिकारी असा तज्ज्ञ कर्मचारीवर्ग आणि पुरेसा निधी जिल्ह्याच्या पातळीवरच उभा राहू शकतो, असे नाईक समितीचे मत पडले. म्हणून तिने जिल्हा परिषदेला बळ दिले आणि जिल्हाधिकाऱ्याला तिच्या बाहेर ठेवले. प्रशासनासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे स्वतंत्र पद निर्माण झाले. महसूलमंत्र्याने आपल्याच खात्याच्या जिल्ह्यातील प्रमुखाचे अधिकार कमी करणारी शिफारस करावी, ही विशेष लक्षणीय गोष्ट म्हटली पाहिजे.

आमदार व खासदार यांना जिल्हा परिषदेत स्थान देऊ नये, ही दुसरी महत्त्वाची शिफारस होती. ते सभागृहात असतील तर गावपातळीवरून येणारे नवे नेतृत्व दबून जाईल, असा त्यामागील विचार होता.

या अहवालाच्या आधारे महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे, १९६२ पासून त्रिस्तरीय व्यवस्था अमलात आली. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा कायदा आधीच लागू होता. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, लघुपाटबंधारे आणि पशुसंवर्धन ही कामे जिल्हा परिषदांकडे सोपवण्यात आली. घोड नदीच्या उगमाजवळ, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वसलेल्या आहुपेसारख्या दुर्गम गावाच्या दृष्टीने पाहिल्यास या रचनेचा अर्थ स्पष्ट होतो. गावची दिवाबत्ती ग्रामपंचायतीची. तालुक्यातील योजनांसाठी घोडेगावची आंबेगाव पंचायत समिती. शाळेतील शिक्षक व आरोग्य केंद्रातील डॉक्टर मात्र पुणे जिल्हा परिषदेचे. (आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, तालुक्याला नाव तेवढे उरले.)

मुख्यमंत्रिपदाचा काळ

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत संकरित ज्वारीचा प्रसार झाला, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली, तसेच १९६७ चा कोयना भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ ही संकटे आली.

नागरी भागासाठी महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ हा कायदा याच काळात झाला. तिन्ही विभागांतील जुने नगरपालिका कायदे रद्द होऊन सर्व नगरपालिकांना एकच कायदा लागू झाला व लोकसंख्येनुसार त्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडण्यात आले. महानगरपालिकांचे कायदे मात्र वेगळेच राहिले. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्यानुसार चालू राहिला. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडको ही शासकीय कंपनी स्थापन झाली. शहर वसत गेले, पण तेथे महानगरपालिका स्थापन होण्यास १९९२ उजाडले.

मूल्यमापन

पंचायत राज्याच्या कामाचा आढावा घेण्यासाठी नाईक यांच्या शासनाने १९७० मध्ये ल. ना. बोंगिरवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल पुढील वर्षी आला. जिल्हा परिषदांतून ग्रामीण नेतृत्वाची मोठी फळी तयार झाली. नाईक यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हे यवतमाळ जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून पुढे मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. हे नेतृत्व बहुतांशी जमीनदार आणि सहकारी संस्थांवर पकड असलेल्या घराण्यांतून आले, ही टीका मात्र खोडून काढणे कठीण आहे.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. ज्या जिल्हाधिकाऱ्याला समितीने बाहेर ठेवले, तो नाईक यांच्याच कारकिर्दीच्या उत्तरार्धात दुसऱ्या दाराने परत आला. दुष्काळी कामे आणि त्यांतून वाढलेली रोजगार हमी योजना यांचे नियंत्रण महसूल यंत्रणेकडे गेले. मंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सचिव असलेली जिल्हा नियोजन मंडळे स्थापन झाल्यावर निधीवाटपाचा निर्णयही जिल्हा परिषदेबाहेर होऊ लागला. दुष्काळात जलद निर्णयांची गरज होती, हे समर्थन त्या वर्षांपुरते पटण्यासारखे आहे. पण दुष्काळ संपल्यावरही ते अधिकार परिषदेकडे आले नाहीत. पुढे निवडणुकाही नियमित राहिल्या नाहीत. १९७९ नंतरची जिल्हा परिषद निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्य निवडणूक आयोग अस्तित्वात आला. १९९६ च्या पेसा कायद्याने आहुपेसह अनुसूचित क्षेत्रातील गावांच्या ग्रामसभांना विशेष अधिकार दिले. नाईक समितीच्या आराखड्यात सत्तेचे केंद्र जिल्हा होता. पेसाने ते प्रथमच गावाकडे नेले.

अखेरची वर्षे

मुख्यमंत्रिपद सोडल्यावर नाईक १९७७ मध्ये वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट, १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, त्यांचे नाव देण्यात आले.