पंडित भातखंडे यांनी जोडलेली माणसे

वडोदरा, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद अशा शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळींना पंडित विष्णू नारायण भातखंडे हे नाव नवीन नाही. घरात कोणी गाणे शिकले असेल तर कपाटात ‘क्रमिक पुस्तक मालिके’चा एखादा भाग सापडतोच. त्यांचे थाट, राग आणि स्वरलिपी यांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हाला येथे त्यांच्या चरित्रातली वेगळी बाजू मांडायची आहे. हल्ली नोकरी-धंद्यात पडलेल्या मुलांना जो तो ओळखी वाढवायला सांगतो. भातखंडे यांनी देशभर माणसे जोडली, ती कशी जोडली हे या मुलांनी जरूर वाचावे.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये बी.ए. व १८८७ मध्ये एलएल.बी. होऊन त्यांनी काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत वकिली केली. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले होते. मुंबईच्या पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचे जाणे-येणे होते. तेथे बुवा आणि खाँसाहेब यांचा सहवास लाभला. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे घेतली. पुढे पत्नी गेली, मग एकुलती मुलगीही गेली. त्यानंतर वकिली आवरती घेऊन त्यांनी स्वतःला संगीतालाच वाहून घेतले.

काम सोपे नव्हते. त्या काळी बंदिश ही घराण्याची दौलत होती. ती मुलाला किंवा पट्टशिष्याला मिळे, परक्याला नाही. कोणी फार आग्रह केलाच तर अर्धीमुर्धी चीज सांगून त्याची बोळवण होई. यात उस्तादांचा दोष म्हणता येत नाही. चीज छापून बाजारात आली तर उद्या पोट कशावर भरायचे, ही त्यांची चिंता खरी होती. अशा वेळी एक वकील वही घेऊन दारात उभा राहिला, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

जयपूरच्या मनरंग घराण्याचे महंमद अली खाँ कोठीवाल यांची हकीकत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. त्यांचे पुत्र आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडून भातखंडे यांनी अनेक ख्याल उतरवून घेतले होते. वडिलांना हे कळले तेव्हा घराण्याचे धन बाहेर गेल्याचे त्यांना फार वाईट वाटले, असे सांगतात. चिजा तर वहीत आल्याच होत्या, भातखंडे यांना गप्प बसता आले असते. त्यांनी वृद्ध उस्तादांच्या पायावर डोके ठेवले आणि त्यांचे शिष्यत्व पत्करले. चिजा आधीच हाती आल्या होत्या, गुरू मात्र त्या नमस्काराने मिळाला.

हीच वृत्ती प्रवासात दिसते. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितर यांना भेटले आणि तिकडची मेळपद्धती समजून घेतली. हैदराबादला अप्पा तुलसी यांचा स्नेह जडला. अप्पांनी पुढे याच पद्धतीला धरून संस्कृतात ग्रंथ रचले. अकबरपूरचे ठाकूर नवाब अली यांनी उर्दूत ‘मआरिफुन्नगमात’ लिहून ही पद्धती उर्दू वाचकांपर्यंत नेली. स्वतः भातखंडे यांनी मात्र ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ चतुरपंडित या टोपणनावाने काढला. ज्याला नावाची घाई नाही, त्याच्याबरोबर काम करायला माणसे कचरत नाहीत.

१९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने वडोदऱ्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. जाकिरुद्दीन खाँ, अल्लाबंदे खाँ यांच्यासारखे गवई आणि शास्त्र जाणणारे पंडित एकाच मांडवात बसले. पुढे दिल्ली, काशी व लखनौ येथे परिषदा झाल्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी आपल्याकडचे काही गवई स्वरलिपी शिकायला मुंबईस भातखंडे यांच्याकडे धाडले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि राजाभैयांनी आयुष्यभर त्याची धुरा वाहिली. राजेरजवाड्यांच्या ओळखी झाल्या, त्यांतून भातखंडे यांनी शाळा मागितल्या.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती श्रीकृष्ण रातंजनकर यांची गोष्ट. हा त्यांचा लाडका शिष्य. तरी गायकीची तालीम फैयाज खाँसाहेबांकडून मिळावी म्हणून भातखंडे यांनी त्याला वडोदऱ्यास पाठवले आणि शिष्यवृत्तीची सोय करून दिली. आपला शिष्य दुसऱ्याच्या हाती देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघाले आणि पुढे रातंजनकरच त्याचे प्राचार्य झाले. आज ती संस्था भातखंडे यांच्या नावाने विद्यापीठ म्हणून उभी आहे.

भातखंडे सर्वांशी गोडच बोलत, असे मात्र नाही. वादात ते कठोर असत. दक्षिणेतील काही विद्वानांशी त्यांचे पटले नाही, आणि उस्तादांच्या शास्त्राविषयीच्या अज्ञानावर त्यांनी केलेली टीका आजही अनेकांना खटकते. तरीही माणसे टिकली, कारण ते शिकायला आले आहेत आणि मिळालेले सर्वांसाठी ठेवणार आहेत, याची खात्री पटत गेली.

अखेरची सुमारे तीन वर्षे ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले. तोवर बंदिशींचे भांडार क्रमिक मालिकेच्या रूपाने सामान्य विद्यार्थ्याच्या हाती येऊ लागले होते.

बँकेत खाते उघडताना पूर्वी जुन्या खातेदाराची परिचयाची सही लागे. पुष्कळ जण ओळखत असूनही ती सही द्यायला मागेपुढे पाहत. ओळख आणि भरवसा यांतले अंतर आम्ही त्या फॉर्मवर रोज पाहिले आहे. भातखंडे यांच्यासाठी जयपूर, हैदराबाद, वडोदरा, ग्वाल्हेर, लखनौ येथे ही सही करायला माणसे तयार होती. आपल्या मुलांनी ज्येष्ठांकडे जाताना आधी काही शिकायला जावे, श्रेय ज्याचे त्याला द्यावे आणि जमेल तेव्हा दुसऱ्याची वाट मोकळी करून द्यावी. कामाचे संबंध मग आपोआप जुळतात आणि निवृत्तीनंतरही टिकतात.